पकडीवरचा हिरवा ठिपका

ताई आली ती बसली नाही. भावाच्या शेडमध्ये पाऊल टाकलं, पिशवीत हात घातला आणि आतली पक्कड कामाच्या टेबलावर अशी आपटली, की शेजारच्या डब्यातले नट-वॉशर उडून खाली सांडले.

“घे. तुझी आहे, तुझी तुला परत.”

मिस्त्री तेव्हा एका ट्रॅक्टरच्या पोटाखाली उताणा पडलेला होता. त्याला आधी ताईची पावलं दिसली. टाचांच्या भेगांत वाटेवरची लाल धूळ भरलेली. म्हणजे पलीकडच्या गावाहून ती चालतच आली होती. तो सरपटत बाहेर आला, चिंधीला हात पुसत उभा राहिला.

“अगं ताई, एवढ्या उन्हाची? बस तरी. पाणी आणतो.”

“पाणी नको तुझं. आधी ती बघ.”

मिस्त्रीनं पक्कड उचलली. लाल मुठींची सर्कलिप पक्कड. तिचं एक टोक सरळ होतं, दुसरं वाकून भलतीकडेच बघत होतं. आणि सांध्याजवळ, जिथं दोन्ही पाती एकमेकींवर बसतात तिथं, हिरव्या रंगाचा ठिपका.

“पोराचा डोळा गेला,” ताई म्हणाली. गोठ्याचं दार उघडं राहिलं असं कुणी सांगावं, तसं सांगितलं. रडायचं ते तिचं रडून झालं होतं.

मिस्त्री स्टुलावर बसला.

पोरगा म्हणजे ताईचा मुलगा, मिस्त्रीचा भाचा. आता स्वतः एका लेकीचा बाप झालेला, पण ताईला अजून पोरगाच. मिस्त्रीच्या हाताखाली शिकला, हात बसला तसं आपल्या गावात स्वतःचं शेड टाकलं. मामाच्या शिकवणीत वाढलेला म्हणून लोक डोळे झाकून ट्रॅक्टर त्याच्याकडे सोडत. त्यातलाच एक ट्रॅक्टर त्यानं शेताच्या बांधावर उघडला होता. गिअरबॉक्समधलं बेअरिंग बदललं आणि त्यावरची कडी बसवायला घेतली.

ही कडी म्हणजे सर्कलिप. पोलादाची, चिवट, बांगडीसारखी, पण तोंड उघडं असलेली. बेअरिंग जागचं हलू नये म्हणून खाचेत बसते. तिच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं असतात. त्या भोकांत पकडीची टोकं घालायची, कडी आवळायची, खाचेत नेऊन सोडायची. दिसायला पोरखेळ. पण आवळलेल्या कडीत सगळा जोर दडून बसलेला असतो, आणि ऐनवेळी पकडीचं टोक वाकलं की तो जोर बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. कुठं जाईल ते कडीलाही ठाऊक नसतं.

“डॉक्टर काय म्हणतात?”

“उजेड-अंधार कळेल म्हणतात. माणूस ओळखू येणार नाही.” ताईनं पदरानं तोंडावरचा घाम पुसला. “मी त्याला विचारलं, तू बघून घेतली नाहीस का रे? तर म्हणतो, मामाचा ठिपका होता, बघायचं काय त्यात? ऐकलंस? मामाचा ठिपका होता!”

मिस्त्रीनं पकडीवरच्या ठिपक्याकडे पुन्हा बघितलं.

ठिपका त्याचाच होता. त्याची गोष्ट अशी की बाजारच्या दिवशी मिस्त्री दुपारनंतर ढब्याच्या दुकानात जाऊन बसायचा. ढब्या म्हणजे हत्यारांचा दुकानदार आणि मिस्त्रीचा लहानपणापासूनचा जोडीदार. अंगानं ऐसपैस, बोलायला गोड. मिस्त्री बोलायला खरखरीत म्हणून ढब्यानं शाळेतच त्याचं नाव कानशा ठेवलं होतं, कानशीवरून. मिस्त्री बसला की लोक पाने, पकडी, हातोडे निवडून त्याच्यापुढे आणून धरायचे. मिस्त्री हत्यार हातात घ्यायचा, उलटसुलट करायचा आणि म्हणायचा, “घे.” नाहीतर, “ठेव.” तिसरा शब्द नाही. पुढं गुडघे दुखायला लागले. तेव्हा ढब्याच म्हणाला, “कानशा, दर बाजारी कशाला पाय तोडत येतोस? महिन्यातून कधीतरी ये, आलेला माल एकदाच बघ, पास झालेल्यावर खूण कर. लोक खूण बघून घेतील.” मिस्त्रीला ते पटलं. ट्रॅक्टर रंगवून उरलेला हिरव्या रंगाचा डबा घेऊन गेला. ठिपके मारून झाल्यावर डबा परत आणायला निघाला, तर ढब्या म्हणाला, “राहू दे की फळीवर. पुढच्या वेळी पुन्हा ओझं कशाला?”

डबा तेव्हापासून तिथंच राहिला होता.

मिस्त्रीनं कानस घेतली आणि पकडीच्या टोकावर हलकेच ओढली. चांगल्या पकडीच्या टोकावरून कानस काचेवरून नख घसरावं तशी घसरते. इथं ती चावली. चकचकीत बुकणी बोटावर आली. त्यानं पुन्हा ओढली, पुन्हा चावली.

“लोखंड आहे, ताई. नुसतं मऊ लोखंड. वर मुलामा. ही मी... ही मी पास करणारच नाही.”

“मग ठिपका काय रानातल्या पाखरानं मारला?”

“माझी नजर...” मिस्त्री अडखळला. “एखादी सुटली असेल हातून.”

“सुटली असेल!” ताईचा आवाज चढला. “गावातले लोक सांगत होते ते खरं दिसतंय मग. म्हणे तुझा भाऊ ठिपका विकतो. मी त्यांच्या अंगावर धावून गेले. माझा भाऊ असा नाही म्हणाले. आता सांग, कुठल्या तोंडानं सांगू? काय मिळतं रे तुला एका ठिपक्यामागं? चहा मिळतो? खुर्ची मिळते?”

“ताई, तोंडाला आवर घाल.”

“का घालू? तुझे दोन्ही डोळे शाबूत आहेत ना? मग बघ माझ्याकडे आणि सांग.”

मिस्त्री हातातल्या पकडीकडेच बघत राहिला. ताई आली तशी उन्हात चालती झाली.

मिस्त्रीची बायको दारातून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, “जा आणि त्या ढब्याला विचार.”

“त्याला काय विचारायचं? चूक माझी असेल.”

“तुझी असेल तर असेल. पण विचार. तो माणूस बोलताना हात चोळतो. मला पहिल्यापासून आवडत नाही.”

“तुला माझा एकतरी मित्र आवडतो का?”

“नाही,” बायको म्हणाली, “पण हा सगळ्यात कमी.”

त्या दिवसांत वारा असा सुटला होता की वाटेवर माणूस तिरपा चालायचा. नांगरलेल्या रानांची माती उडून अंगावर यायची, दातांखाली कचकच व्हायची. मिस्त्री पक्कड चिंधीत गुंडाळून बगलेत मारून चालला होता आणि मनातल्या मनात एकच घोकत होता की चूक आपलीच निघू दे. म्हातारपणानं नजर मंदावली, माल बघताना कुणाशी बोलत होतो, लक्ष उडालं, काहीही निघू दे. पाहिजे तर ताईच्या दारात जाऊन नाक घासू. पण ढब्याकडं बोट जायला नको. कारण मिस्त्रीचं शेड एकदा आगीत बेचिराख झालं, तेव्हा सगळं गाव हळहळून आपापल्या घरी गेलं होतं. एकटा ढब्या हातगाडी ढकलत आला होता. हातगाडीत पाने होते, हातोडे होते, काम आवळून धरायचा व्हाइस होता. “जळलं ते जळलं, कानशा,” म्हणाला होता, “उद्या सकाळी शेड उघडायचं.” असा माणूस. त्याच्याविषयी मनात वाईट आणायचं म्हटलं तरी लाज वाटत होती.

ढब्या गल्ल्यावर बसून खिळे तोलत होता. मिस्त्रीला बघून हसला.

“ये ये, कानशा! वाऱ्यानं उडवून आणलं की काय?”

मिस्त्रीनं चिंधी सोडून पक्कड पुढं ठेवली. भाच्याचं सांगितलं. ढब्याच्या हातातलं माप खाली आलं. तो उठला, गल्ल्याला वळसा घालून बाहेर आला आणि मिस्त्रीच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

“पोरगं ते. माझ्या मांडीवर खेळलंय.”

“टोक मऊ आहे, ढब्या. कानस लावून बघितली.”

ढब्यानं पक्कड हातात घेतली, उजेडात धरली, ठिपक्यावरून अंगठा फिरवला. मग मोठा श्वास सोडला.

“बस. आधी बस तू.” त्यानं आतल्या बाजूला हाक देऊन चहा सांगितला. “हे बघ, मनाला लावून घेऊ नकोस. आपलं वय काय आता? मला तराजूचा काटा दिसत नाही नीट, अंदाजानं तोलतो. तू तरी किती बघणार? एवढ्या मालात एखादी डोळ्यांखालून निसटते.”

“म्हणजे तुला पण वाटतं माझ्याच हातून—”

“मी कुठं बोललो तसं? आणि बोललो जरी असतो, तरी हे दुकान सोडून बाहेर गेलं नसतं. मी कुणाला सांगणार नाही, कानशा. पोराला मी भेटून येईन. ताईच्या पाया पडेन पाहिजे तर. तू आता ठिपके मारायचं बंद कर, एवढंच. आराम कर.”

आपल्या चुकीवर पांघरूण घालणारा माणूस देवानं दिला, असं मिस्त्रीला वाटलं. चहा आला. तो त्यानं दोन्ही हातांनी धरून प्यायला.

तेवढ्यात विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणारा एक जण डोक्यावरची धूळ झटकत दुकानात आला. मिस्त्रीला बघून त्यानं मान डोलावली.

“एक सर्कलिप पक्कड दे,” तो ढब्याला म्हणाला. “ठिपक्याची. मिस्त्री बसलेच आहेत म्हटल्यावर काय बघायचं!”

“संपल्यात,” ढब्या चटकन म्हणाला. “पुढच्या बाजारी ये.”

“अरे, पाणी चढत नाही, रोपं वाळायला लागली. कुठलीतरी दे.”

“संपल्यात म्हटलं ना. ऐकू येत नाही का?”

आतल्या पडद्यामागून ढब्याच्या सुनेचा आवाज आला.

“मामंजी, संपल्या कुठं? पेटीभर केल्यात की सकाळी. रंग तेवढा ओला आहे, म्हणून आत ठेवल्यात.”

आणि पाठोपाठ ती स्वतःच बाहेर आली, हातात पत्र्याचं ताट घेऊन. ताटात लाल मुठींच्या पकडी ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीच्या सांध्यापाशी हिरवा ठिपका. सून नुकतीच लग्न होऊन आलेली, कामाची, हसतमुख. मिस्त्रीला बघून तिचा चेहरा फुलला.

“काका! बरं झालं आलात. बघा हो जरा, नीट जमतात का? तुमच्यासारखा गोल येत नाही माझा. मामंजी म्हणतात, मोठा मारू नकोस, काकांचा बारीक असतो.”

मोटारवाला ताटाकडे बघत होता. मग त्यानं मिस्त्रीकडे बघितलं.

मिस्त्रीनं एक पक्कड उचलली. अंगठ्याला हिरवा रंग लागला. त्यानं पक्कड दाबली. दोन पाती खिळखिळ्या चाकासारखी डुगडुगत होती, टोकं एक वर, एक खाली. आंधळ्यानं हातात घेतली तरी कळलं असतं.

“छान जमतो तुझा ठिपका, मुली,” तो म्हणाला. “माझ्यापेक्षा गोल येतो. जा, आत जा तू.”

सून आत गेली. मोटारवाला जाईना. त्याला आता पकडीपेक्षा पुढं काय होतंय ते हवं होतं.

“कधीपासून?” मिस्त्रीनं विचारलं.

“काय कधीपासून?”

“ढब्या, माझ्यापुढं सोंग नको.”

ढब्यानं हात चोळले. मग त्याचं हसू गेलं, आणि मिस्त्रीनं उभ्या जन्मात न पाहिलेला एक चेहरा त्या जागी आला. थकलेला, वैतागलेला.

“तुला काय जातंय विचारायला? तू यायचास, ठेव, ठेव, ठेव म्हणायचास आणि घरी जायचास. माझ्या फळीवर ठेवलेल्यांचा ढीग. त्यांचं मी काय करू? गळ्यात घालून फिरू? आता बाजारात येतो तोच माल असा. तुझ्या हातून पास होणारी पेटीत एखादी.”

“मग एखादीच विकायची.”

“आणि दुकान? दुकान कुणी चालवायचं, तुझ्या कानशीनं? लोकांना लाल मूठ हवी, तुझा ठिपका हवा. मी दोन्ही दिलं.”

“माझा ठिपका.”

“अरे, रंगच तो!”

“भाच्याला माहीत असून दिलीस?”

“मी दिली नाही!” ढब्या एकदम कळवळून बोलला, आणि हे मात्र तो खरं बोलत होता. “मी नव्हतो त्या दिवशी. सुनेनं दिली. मी असतो तर त्याला आतली दिली असती. शप्पथ घेऊन सांगतो, आपल्या माणसांना मी आतलीच देतो.”

“आतली म्हणजे?”

ढब्यानं गल्ल्यावरचे खिळे सारखे केले.

“आतली म्हणजे कुठली, ढब्या?”

“खरी,” ढब्या खाली बघून म्हणाला. “बिनठिपक्याची. तुझ्या शेडात आहे तसली. तुला कधी वाईट दिली का मी? एकदा तरी? सांग ना. तुझी मी नेहमी वेगळी काढून ठेवली.”

मिस्त्रीला वाटलं, याच्या थोबाडीत मारावी. हात उठला नाही. त्याला आत्ता कळत होतं की इतके दिवस आपल्याला संशय का आला नाही. आपल्या हातात कायम खरी पक्कड होती. आपल्यापर्यंत त्याचा वाराही येऊ दिला नव्हता यानं. ठिपका बघून जो जो विश्वासानं हात पुढं करत होता, तो फसत होता, आणि ठिपक्यावाचून जी खरी होती, ती फक्त याच्या मर्जीतल्यांची होती.

“मघाशी माझी नजर गेली म्हणालास,” मिस्त्री म्हणाला. “मी मान खाली घालून तुझा चहा प्यायलो. तुझे उपकार मानले मी, ढब्या.”

ढब्या गल्ल्यामागं जाऊन बसला.

“ताईकडे चल. जे खरं ते तिच्यापुढं सांग.”

“सांगून डोळा परत येणार आहे का?”

“माझी ताई परत येईल.”

“मला दुकान सोडून येता येत नाही,” ढब्या म्हणाला आणि पुन्हा खिळे तोलायला लागला.

मिस्त्री फळीपाशी गेला. आपला हिरव्या रंगाचा डबा त्यानं उचलला, झाकण दाबून बसवलं. पायरी उतरताना मागून ढब्या म्हणाला, “ने, ने. रंग काय कुठंही मिळतो, कानशा.”

ते खरंच होतं, आणि तेच मिस्त्रीला वाटभर टोचत राहिलं. रस्त्यात मध्येच थांबून त्यानं डबा ओढ्यात भिरकावला. वाऱ्यानं त्यातले चार शिंतोडे उडून त्याच्याच सदऱ्यावर आले.

पुढच्या बाजारी तो ढब्याच्या दुकानासमोरच्या ओट्यावर जाऊन बसला. पुढ्यात कानस ठेवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटला, “हिरव्या ठिपक्याची पक्कड असेल तर आणा. वापरू नका. डोळा जाईल. आणा, मी दाखवतो.” मोटारवाल्यानं गावभर बोभाटा केलाच होता. लोक जमले. मिस्त्री एकेक पक्कड घेऊन दाखवू लागला. टोकावर कानस चावते का बघा, चावली की मऊ. पाती हलवून बघा, सांधा डुगडुगला की गेली. टोकं भोकात पूर्ण उतरली पाहिजेत, अर्धी नाही. कडी आवळून तशीच धरा, हात दुखेपर्यंत धरा, टोकं फाकत असतील तर हत्यार नव्हे ते. जन्मात तो एवढं बोलला नव्हता.

लोकांनी ऐकून घेतलं. मग गाड्यांची चाकं बांधणारा एक जुना कारागीर म्हणाला, “म्हणजे इतके दिवस ठिपका तुझा नव्हता?”

“नव्हता.”

“मग कुणाचा?”

“ढब्याची सून मारायची.”

मागं कुणीतरी फिदीफिदी हसलं. “आता सुनेवर ढकलतोय!”

“वाटणीत फाटलं असणार दोघांचं.”

“नाहीतर इतकी वर्षं गोडीत चाललं होतं की.”

“मी भागीदार नाही!” मिस्त्री ओरडला. “माझ्या सख्ख्या भाच्याचा डोळा गेलाय!”

“म्हणून तर बोंब मारतोयस,” कुणीतरी म्हणालं. “आमचा गेला असता तर बसला असतास का उन्हात?”

कारागीर तेवढा हसला नव्हता. त्यानं आपली पक्कड परत घेतली आणि साधेपणानं विचारलं, “बरं, ते राहू दे. आता कुठली घ्यायची ते सांग.”

“सांगितलं ना. आपण आपली तपासून घ्यायची.”

“ते जमत असतं, तर तुझा ठिपका कशाला बघितला असता रे?”

गर्दी पांगली. समोर ढब्याच्या दुकानात नेहमीसारखीच वर्दळ होती. उन्हं कलल्यावर मिस्त्रीनं बघितलं, तर कारागीर तिथूनच बाहेर पडत होता, हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. मिस्त्रीला बघून त्यानं ती वस्तू पाठीमागं धरली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री ताईच्या गावाला गेला. भाच्यानं उघडलेला ट्रॅक्टर तसाच बांधावर पडून होता, गिअरबॉक्सवर गोणपाट टाकलेलं. अर्धं रान नांगरलेलं, अर्धं तसंच. न नांगरलेल्या पट्ट्यात माती उन्हानं वीट झाली होती, टाच मारली तर टाचच दुखावी अशी. ट्रॅक्टरवाला रोज येऊन बघून जायचा. भाच्याला तोंडावर काही बोलायचा नाही, पण दुसरा मिस्त्री शोधतोय, हे सगळ्यांना कळलं होतं.

ताई भाच्याच्या शेडच्या दारात दाणे निवडत बसली होती. मिस्त्री तिच्यासमोर उभा राहिला आणि सगळं सांगितलं. ढब्याचं, सुनेचं, आतल्या पकडीचं, बाजारातल्या हसण्याचं. काही राखलं नाही. ताई दाणे निवडत राहिली. त्याचं सांगून संपल्यावर म्हणाली, “खोटं बोलत नाहीस, ते कळतंय मला.”

मिस्त्रीचा जीव भांड्यात पडणार, एवढ्यात तिनं विचारलं, “पण तुझा डबा त्याच्या फळीवर कसा राहिला?”

“मीच ठेवला. ओझं नको म्हणून.”

“ओझं नको म्हणून,” ताई म्हणाली. सूप उचलून आत गेली. त्याला ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

आत भाचा खाटेवर बसला होता. डाव्या डोळ्यावर पट्टी. मामाला बघून उठला, पण चालताना टेबलाचा कोपरा लागला त्याला. मिस्त्रीनं नजर फिरवली.

“ट्रॅक्टर पुरा करू या,” मिस्त्री म्हणाला. “माझी पक्कड आणलीय. खरी आहे. मी स्वतः—”

भाच्यानं हात पुढं केला.

“नुसतं सांगू नका, मामा. द्या इकडं.”

मिस्त्रीनं पक्कड त्याच्या हातात दिली. भाच्यानं ती डोळ्याजवळ नेली, मान वाकडी करून उजव्या डोळ्यानं टोकं बघितली. कानस मागितली. टोकावर ओढली, कान देऊन ऐकली. पाती हलवली. एक जुनी कडी घेऊन तिच्या भोकांत टोकं घातली, आवळली आणि तशीच धरून उभा राहिला. हाताच्या शिरा तटतटल्या. वेळ जात राहिला. मिस्त्रीला आपल्याच शेडात शिकवलेलं हे सगळं आज परक्याच्या दुकानातल्यासारखं वाटत होतं. शब्द तोंडात आला होता, अरे, मी सांगतोय ना. तो त्यानं गिळला. गिऱ्हाईक उभं राहावं तसा हात बांधून उभा राहिला आणि वाट बघू लागला.

आतून ताई बघत होती.

भाच्यानं कडी सैल सोडली. “टोक जरा झिजलंय,” तो म्हणाला. “पण चालेल.”

दोघं बांधावर गेले. वाऱ्यात गोणपाट उचललं. मिस्त्री गिअरबॉक्सवर वाकून बेअरिंग धरू लागला. भाच्यानं कडी आवळली, खाचेवर आणली आणि तिथंच थांबला.

“मामा, तोंड बाजूला करा.”

“अरे, धरतो ना मी. माझी पक्कड आहे ही.”

“कुणाची का असेना,” भाचा म्हणाला. “करा बाजूला. तुमचे दोन आहेत, ते दोन राहू द्या.”

मिस्त्रीनं तोंड फिरवलं. समोर अर्धं नांगरलेलं रान होतं, आणि त्याच्या पाठीमागं भाचा कडी खाचेत बसवत होता.